कानटोपीवरचा निळा मणी

आजही शांभवीचा मणी पेटला नाही.

शाळेच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून प्रांजली बिराजदार बाहेरच्या रानाकडे बघत होती. हौकिलाम्पी नावाच्या त्या फिनिश गावात हिवाळ्यातला सूर्य उगवतो तोच मुळी नाइलाजानं. दुपारी जेमतेम झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढतो, बर्फावर फिकट गुलाबी उजेड सांडतो आणि लगेच परतीच्या तयारीला लागतो. त्या उजेडात पहिलीची मुलं सुट्टीसाठी बाहेर पडली होती. आपल्याकडे मधली सुट्टी दिवसातून एकदा. इथं प्रत्येक तासानंतर मुलं बाहेर, बर्फ पडो की वारा सुटो. कुणी ढिगावरून घसरत होतं, कुणी एकमेकांच्या कॉलरमध्ये बर्फ कोंबत होतं, आणि पाच-सहा जणं काहीच करत नव्हती. काहीच न करणारी मुलं बघायला प्रांजली आली होती.

एक गोल चेहऱ्याची मुलगी बर्चच्या खोडाला टेकून आभाळाकडे तोंड करून उभी होती. तिच्या लोकरी कानटोपीच्या शेंड्यावर काचेचा मणी होता. तो हळूच निळा झाला, विझला, पुन्हा निळा झाला. मग पलीकडे दुसरा. बघता बघता झाडांमधून निळे काजवे लुकलुकायला लागले. प्रांजलीनं हे दृश्य कितीदा तरी पाहिलं होतं आणि दर वेळी तिला आपण जागे आहोत की नाही असं व्हायचं.

त्या सगळ्यांत लहान चणीची शांभवी. तिची टोपी मात्र सगळ्यांत मोठी. या शाळेत सहावीची मुलं पहिलीच्या मुलांसाठी टोप्या विणतात, तसा इथला रिवाजच आहे, आणि शांभवीच्या वाट्याला आलेल्या ताईचा हात सढळ होता. कानावरच्या पट्ट्या खांद्यापर्यंत लोंबत होत्या. शांभवी कुंपणापाशी एकटी उभी होती आणि तिचा मणी काळाच्या काळा.

शांभवीची आई प्रांजली, आणि त्या मण्याची आईही प्रांजलीच, हे तिला जास्त लागत होतं.

गोष्ट तशी साधी होती. मेंदूच्या आत, कानांच्या पातळीवर खोलवर, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो. काही नवं शिकलं की तिथल्या पेशी एका ठराविक क्रमानं चमकतात. उंदरांवरच्या प्रयोगांतून फार पूर्वीच कळलं होतं, की भुलभुलैयातून धावून आलेला उंदीर मिशा साफ करत बसतो, तेव्हा त्याच पेशी त्याच क्रमानं पुन्हा चमकतात, फक्त कितीतरी पट वेगानं. उंदीर बसलेला असतो, पण डोक्यात तो पुन्हा धावत असतो. ही आतली उजळणी झाली की रस्ता पक्का होतो. त्याला बसूच दिलं नाही, तर बिचारा उद्या परत चुकतो.

माणसांचंही असंच असतं हे माहीत झालं होतं, पण ते बघायला खोलीएवढी यंत्रं लागत, आणि यंत्रात आडवं पडून कुठलं मूल स्वप्नात हरवतं? प्रांजलीनं आणि तिच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं खपून हे काम लोकरीत आणलं. केसाहून बारीक संवेदक धाग्यांत विणले. टोपी तासभर मेंदूतल्या पेशींच्या चमकण्याची नक्षी बघायची, आणि नंतरच्या निवांतपणात तीच नक्षी परतली की मणी पेटवायची. मणी पेटला म्हणजे धडा मुरला. लोणच्याच्या देशातून आलेल्या प्रांजलीनं त्याला नाव दिलं ‘मुरवण’, आणि तिचे फिनिश सोबती तो शब्द जिभेला वळसे देत म्हणू लागले.

फिनलंडच निवडायचं कारण उघड होतं. सातव्या वर्षी शाळा, तोवर नुसतं खेळणं. शाळा सुटायच्या वयापर्यंत देशभराची म्हणून परीक्षा नाही. तासामागून सुट्टी. हे लोक पिढ्यान् पिढ्या हे करत आले, आणि का करता म्हटलं की खांदे उडवून म्हणत, ‘मुलं आहेत ती.’ प्रांजलीच्या टोपीनं त्या खांदे उडवण्यामागचं शास्त्र दाखवून दिलं.

आणि मग जग वेडं झालं. कुठकुठून फोन यायला लागले. तिकडे महाराष्ट्रात तर ‘स्वप्नवर्ग’ निघाले. वातानुकूलित हॉल, रांगेनं आरामखुर्च्या, आणि तज्ज्ञ मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली रिकामं बसायचं शिक्षण. पहिल्या बॅचला सवलत. प्रांजलीला ते वाचून हसू आलं होतं. पुढे आपल्याच घरात काय होणार आहे हे तेव्हा तिला कुठं माहीत होतं?

बर्फ वितळला की हौकिलाम्पीच्या नगरपालिकेत ठराव येणार होता. पहिलीपासून सगळ्या मुलांना टोपी सक्तीची करायची का? इथं झालं की देशभर, आणि देशभर झालं की जगभर. शिफारस प्रांजली करणार होती. आणि तिच्याच लेकीचा मणी काळा होता.

*

“महिना झाला किर्सी. एकदासुद्धा नाही.”

किर्सी शांभवीची वर्गशिक्षिका. उंच, रुंद खांद्यांची, पांढरी होत आलेली वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली. मुलं तिला ‘किर्सी’ म्हणूनच हाक मारतात, मागे बाई लावत नाहीत. ती मुलांचे ओले हातमोजे एकेक करून गरम पाइपवर वाळत घालत होती.

“असेल,” ती म्हणाली. “मी मण्यांकडे बघत नाही. मणी बघायला गेलं की चेहरा हुकतो.”

“आज बर्फाचा धडा होता. तिच्या डोक्यात काही गेलं का?”

“गेलं असणार. कधी बाहेर येईल ते सांगता येत नाही. परवा बूट चढवता चढवता तिनं मला विचारलं, तळ्यावर झाकण बसल्यावर मासे कंटाळत नाहीत का.” किर्सी हसली. “आणि आठवड्यातून दोनदा ती छोट्या खोलीत बसते, तिथंही छान चाललंय.”

“कुठली छोटी खोली?”

“वाचायला जरा हात द्यायला. फिनिश तिला नवं आहे ना.”

प्रांजलीचा चेहरा उतरला. ती लातूरची. तिचे वडील, बिराजदार सर, चाळीस वर्षं भौतिकशास्त्राचे क्लास घेत होते आणि घराच्या वरच्या मजल्यावर ती स्वतः त्यातच वाढली. जादा तास दोघांना मिळतात हे तिला पाळण्यापासून ठाऊक: बोर्डात येणाऱ्यांना आणि नापास होणाऱ्यांना. शांभवी यातल्या कुठल्या रांगेत बसली असेल हे काय कुणी सांगायला हवं?

“मला कुणी कळवलं नाही,” ती म्हणाली.

“कळवलं होतं, तू हो म्हणालीस. तुझ्या लक्षात नाही राहिलं, कारण आम्ही ते काही मोठं असल्यासारखं सांगत नाही.” किर्सीनं शेवटचा हातमोजा झटकला. “वर्गातली कितीतरी मुलं कधी ना कधी त्या खोलीत बसतात. घसरडं आलं की हात धरायचा, गेलं की सोडायचा. पडेपर्यंत वाट कशाला बघायची?”

हे सगळं प्रांजलीला पटलं. तिनं यावर व्याख्यानं दिली होती. पण पटणं आणि झोप लागणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

*

त्याच आठवड्यात तिचे वडील, अण्णा, आले. प्रांजलीचा नवरा निनाद पुण्याच्या नोकरीत अडकलेला, उन्हाळ्याशिवाय यायचा नाही, म्हणून थंडीभर सोबतीला बिराजदार सर दोन स्वेटर, एक घोंगडी आणि अर्धी बॅग शेंगदाण्याची चटणी घेऊन अवतरले. दुसऱ्या दिवशी नातीला शाळेतून आणायला गेले आणि हादरूनच परतले.

“प्रांजू, अगं लेकरं बाईला नावानं हाका मारायलीत! किर्सी ए किर्सी! आणि ती बाई हसायली!”

“इथं तसंच असतं अण्णा.”

“आसू दे. मी आपलं किर्सीबाईच म्हणतो. बरं, तपासायला कोण येतंय शाळा?”

“कुणीच नाही. तपासनीस कधीचेच बंद झाले इथं.”

“मग बाई शिकवती का न्हाई हे कळावं कसं?”

“शिकवतेच असं धरून चालतात.”

अण्णा बराच वेळ चटणीच्या बरणीचं झाकण फिरवत बसले. त्यांच्या उभ्या आयुष्यात असा पाया नसलेला हिशेब त्यांनी पाहिला नव्हता.

मण्याचं प्रकरण मात्र त्यांना पटकन कळलं. त्यात निकाल होता. पेटला की पास, न पेटला की नापास. नात नापास होतेय म्हटल्यावर जुना मास्तर जागा झाला. “लेकराला सवय न्हाई रिकामं बसायची,” त्यांनी निदान केलं. “सवयीनं काय होत न्हाई? सराव पाहिजे माय, सराव.”

इथं प्रांजलीनं हसून विषय बदलायला हवा होता. तिनं विचारलं, “कसा?”

दुसऱ्या दिवसापासून सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी शांभवीचा मुरवणीचा सराव सुरू झाला. अण्णा काही तरी शिकवायचे, तरफ, सावली, पाढा. मग शांभवीला टोपी घालून खिडकीशी बसवायचे. समोरच्या सोफ्यावर आई आणि आजोबा, दोघांचे डोळे मण्यावर.

“बाहेर बघ शांभू,” प्रांजली मऊ आवाजात म्हणायची. “काही विचार करू नकोस. छान स्वप्न बघ.”

“कुठलं?”

“कुठलंही. मनात येईल ते.”

“आई, मी बघतेय.”

“असं ताठ नको बसूस. सैल बस.”

शांभवी सैल बसायची. मणी काळाच.  आई लेकीच्या डोक्यावरून हात फिरवायची, टोपी काढून ठेवायची, पोहे वाढायची. ती कधी रागावली नाही याचं तिला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

चार दिवसांनी अण्णांनी वेळ वाढवली.

*

किर्सीनं प्रांजलीला शाळेत बोलावलं ते एका सरत्या हिवाळ्याच्या दुपारी. आता सूर्य बऱ्यापैकी वर चढत होता, छपरांवरून पाणी ठिबकत होतं. दोघी खिडकीशी उभ्या राहिल्या. बाहेर मुलं घसरगुंडीवर तुटून पडली होती. शांभवी बाकावर बसली होती. पाय जुळवलेले, हात मांडीवर, डोळे घट्ट मिटलेले.

“तासभर शिकते, आणि सुट्टी झाली की ही अशी बसते,” किर्सी म्हणाली. “मी म्हटलं, जा, घसरून ये. तर म्हणाली, आधी हे झालं पाहिजे. काल तिनं मला विचारलं, किर्सी, मी ‘काही न करणं’ बरोबर करतेय ना?”

 प्रांजलीच्या तोंडून भलतंच निघालं. “तिच्या टोपीची नोंद आधीच बाकीच्यांपेक्षा वेगळी येतेय. आत्ता तू काही बदललंस तर...”

“नोंद,” किर्सी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण तिनं कॉफीचा कप खिडकीत ठेवून दिला. “प्रांजली, मी शिक्षिका झाले तेव्हा मला कुणी सांगितलं नाही काय शिकवायचं, कसं शिकवायचं. वर्ग हातात दिला आणि दार लावून घेतलं. माझ्यावर विश्वास टाकला होता, त्याचं ओझं मी अजून वाहतेय, आणि त्यामुळेच मी चांगलं शिकवते. तोच विश्वास मी मुलांवर टाकते. आम्ही शाळेतून तपासनीस काढला. तू तो मुलांच्या डोक्यात नेऊन बसवलास. आणि तोही सुट्टीत.”

“मला फक्त कळायला हवंय की ती शिकतेय!”

“का?”

प्रश्न साधा होता. प्रांजलीला राग आला. ती कोट चढवून बाहेर पडली. ती बाकाजवळून जात असताना शांभवीनं डोळे किलकिले करून विचारलं, “आई, पेटला का?”

“नाही बाळा,” प्रांजली म्हणाली. तिचा आवाज अगदी सहज होता.

*

रविवारी तळ्यावर ऊन पडलं होतं. ऊन म्हणजे काय, सगळं तळंच उजेडाचं झालं होतं. वरचा बर्फ दुधासारखा, काठाकाठानं काळपट, आणि मधूनच तळ्याच्या पोटातून एक लांबलचक घुमणारा आवाज यायचा, जणू कुणी तरी खाली झोपेत कूस बदलली. प्रांजली लाकडं आणायला काठावरच्या खोपटाकडे गेली होती. हातात ओंडके घेऊन वळली आणि पलीकडून बोलणं ऐकून थांबली.

अण्णा काठावरच्या उलट्या होडीवर बसले होते. घोंगडी पांघरलेली, डोक्यावर शांभवीची ती अवाढव्य कानटोपी. त्यांना ती अगदी बेतून शिवल्यासारखी बसली होती. समोर हातात काठी घेऊन शांभवी उभी. शाळा-शाळा चालली होती आणि या वेळी मास्तर बदलले होते.

“हे बघा आजोबा. बर्फ दोन असतात. काळा आणि पांढरा. कुठल्यावर चालायचं?”

“पांढऱ्यावर. स्वच्छ दिसतंय की.”

“बुडालात!” शांभवी आनंदानं ओरडली. “काळा पक्का असतो. खरं तर तो काळा नसतोच, तो काचेसारखा असतो, त्यातून खालचं पाणी दिसतं म्हणून काळा. पांढऱ्यात बर्फ आणि पाणी कालवलेलं असतं, आत हवेचे फुगे असतात. तो अर्धाच कामाचा.”

“आणि आत्ता, उन्हाळा यायलाय तर?”

“आत्ता कुठलाच खरा नाही. उन्हानं त्याच्या उभ्या काड्या काड्या होतात. जाड दिसतो, पण काठी मारली की आवाज पोकळ येतो. ऐका.” तिनं काठालगतच्या बर्फावर काठी आपटली. “हा. आणि हा बघा. कळला फरक?”

“कामून होत्यात गं काड्या?” अण्णांनी विचारलं. आवाजात थट्टा नव्हती. त्यांना खरंच माहीत नव्हतं. लातूरच्या मास्तराला गोठलेल्या तळ्याचं काय माहीत असणार?

“कारण ऊन आत शिरतं ना. जिथं दोन कण चिकटलेत तिथं आधी वितळतं. शिवणी उसवतात.”

प्रांजलीला धडा ओळखू आला. तो बर्फाचा धडा. तोच. ज्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती आणि लेकीचा मणी काळा राहिला होता. हा धडा मुलीत मुरला नाही, असं तिच्या यंत्रानं सांगितलं होतं.

“आता सुट्टी,” शांभवीनं जाहीर केलं. “बसा. काही करू नका.”

अण्णा बसले. शांभवी समोर उकिडवी बसून मण्याकडे टक लावून बघायला लागली.

“आजोबा, तुम्ही विचार करताय.”

“न्हाई गं.”

“करताय. सैल बसा. स्वप्न बघा, कुठलंही.” तिचा आवाज मऊ झाला. फार मऊ, फार समजूतदार. प्रांजलीनं तो आवाज ओळखला. “आजोबा, आज पेटला पाहिजे हां. नाही पेटला तर आईला वाईट वाटतं.”

“आई रागावती का?”

“नाही. आई कधीच रागावत नाही.” शांभवीनं काठीनं बर्फावर रेघ ओढली. “पण जेवताना ती एकदम थांबते आणि माझ्या डोक्याकडे बघते. टोपी नसली तरी. मग मी सुट्टीत तेच आठवत बसते. मला दुसरं काही आठवायचं असतं, पण तेच येतं.”

खोपटाच्या आड प्रांजलीला वाटलं, आपण आवाज न करता खाली बसावं. ती बसली. टोपी धड्याची नक्षी शोधत होती. मुलीच्या डोक्यात सुट्टीभर दुसरीच नक्षी फिरत होती, वीसवीस पट वेगानं: सोफा, दोन माणसं, चार डोळे. ज्याची उजळणी होते ते पक्कं होतं. हे तर प्रांजलीचंच शास्त्र होतं. रडू आलं तेव्हा तिनं लोकरीचा हातमोजा तोंडात धरला.

“जाऊ दे,” शांभवी म्हणाली. “तुम्हाला जमत नाही आजोबा. मलापण जमत नाही. मी घसरून येते.” आणि ती काठी टाकून उतारावर पळाली.

अण्णा एकटे उरले. त्यांना वाटलं आपल्याकडे कुणी बघत नाही. त्यांनी घोंगडी सारखी केली, हात मांडीवर टाकले आणि तळ्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं ज्या माणसानं दोन बॅचच्या मध्ये चहासुद्धा उभ्यानं प्यायला, तो माणूस काही न करता बसला होता. तळ्यानं पुन्हा कूस बदलली. अण्णांचे डोळे अर्धवट मिटले.

टोपीच्या शेंड्यावरचा मणी निळा झाला.

विझला, पुन्हा झाला. मग थांबेनाच. भर उन्हात तो निळा ठिपका असा लुकलुकत राहिला, की प्रांजलीला स्वप्नातच असल्यासारखं वाटलं. ती उठली तेव्हा तिच्या हातून ओंडका निसटला. अण्णांनी दचकून मागे पाहिलं. मणी गपकन विझला.

“तू कवा आलीस? काय झालं? रडायलीस कामून?”

ती त्यांच्याशेजारी होडीवर बसली. तुमचा मणी पेटला होता, असं तिनं सांगितलं. अण्णांनी टोपी काढून हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली.

“मी आपला त्या काड्यांचाच इचार करायलो होतो,” ते ओशाळून म्हणाले. “न्हाई, इचार बी न्हाई. आपोआप येत होतं.” मग टोपी मांडीवर ठेवून म्हणाले, “तुझी आई लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवायची, आठवतंय? मी रोज विचारायचो, मुरलं का, मुरलं का. हात लावू द्यायची न्हाई. म्हणायची, सारखी उघडल्यावर नासंल. मला वाटायचं, काय अडाणीपणा.”

उतारावरून शांभवीचा आरडाओरडा ऐकू येत होता.

“अण्णा, मी हे असं करू शकते,” प्रांजली भरभर बोलायला लागली. “मणी काढून टाकायचा. टोपी आतल्या आत नोंद घेईल, मुलांना कळणारच नाही. कुणालाच दिसणार नाही, फक्त मला...” आणि ती मध्येच थांबली.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं.  तिला स्वतःलाच दिसलं: जेवणाचं टेबल, ताटातली खिचडी, आणि नोंद वाचून आलेल्या आईचा हवेत थांबलेला चमचा.

*

नगरपालिकेच्या सभेत प्रांजली फार वेळ बोलली नाही. शोध खरा आहे, ती म्हणाली. रिकाम्या वेळात शिकणं पक्कं होतं, यात शंका नाही. म्हणून जिथं जिथं शाळा आहे तिथं तिथं प्रत्येक तासानंतर मुलांना सोडा, आणि हे मी माझ्या गावालाही जाऊन सांगणार आहे. पण टोपीची शिफारस मी करत नाही. मुरतंय का हे बघत बसलं की मुरत नाही. “एवढं मला ठाऊक नव्हतं,” ती म्हणाली. “किर्सीला ठाऊक होतं.”

अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, “मग धडा मुरला हे कळणार कसं?”

मागच्या बाकावरून किर्सी म्हणाली, “कधी कधी नाही कळणार.” 

टोप्या मागे घेण्यात आल्या. परदेशातले फोन हळूहळू बंद झाले. इतक्या वर्षांचं काम एका दुपारी हातानं खाली ठेवताना प्रांजलीला वाईट वाटलं नाही असं नाही. चांगलंच वाईट वाटलं.  दोन दिवस अण्णा चटणी-भाकरी तिच्यापुढं ठेवायचे आणि आपले तळ्याकडे जाऊन बसायचे.

शांभवीनं मात्र टोपी द्यायला साफ नकार दिला. ती सहावीतल्या ताईनं तिच्यासाठी विणली होती. सोमवारी सकाळी, शाळेच्या वाटेवर, बर्चच्या झाडांखाली प्रांजली गुडघ्यांवर बसली. जमिनीवर जागोजाग काळी माती उघडी पडली होती आणि झाडांना अजून पान नव्हतं, नुसता हिरवा भास होता. शांभवीच्या डोक्यावरची टोपी तिनं काढून घेतली, मण्याचा दोरा दातानं तोडला आणि आतली संवेदकांची बारीक तार धाग्यातून ओढून काढली. बराच वेळ लागला. शांभवी एका पायावर उभी राहून वाट बघत होती.

“घे,” प्रांजली म्हणाली. “आता ही नुसती टोपी.”

शांभवीनं शेंडा चाचपला. मणी होता तिथं आता लोकरीचं एक टोक वर आलं होतं.

“आई, आता तुला कसं कळणार?”

“नाही कळणार.”

शांभवीनं आईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, काठीनं बर्फ ठोकून बघावा तसं.

“चालेल तुला?”

“चालेल,” प्रांजली म्हणाली. मग टोपी लेकीच्या डोक्यावर चढवून ती पुन्हा म्हणाली, “चालेल गं.”

शांभवीनं कानाच्या लांब पट्ट्या गळ्याभोवती गुंडाळल्या आणि शाळेकडे धूम ठोकली. फाटकापाशी पोचायच्या आतच ती काहीतरी बघायला थांबली, वर, झाडात, की आभाळात. तोंड उघडं, दप्तर एका खांद्यावरून घसरलेलं. कितीतरी वेळ ती तशीच उभी होती.

प्रांजलीनं तिच्याकडे पाठ केली आणि घराची वाट धरली.